दाभणाने धरलेला डूख

मी एक जुना दाभण आहे, मित्रांनो. दाभण म्हणजे काय, हे तुमच्यातल्या कित्येकांना ठाऊक नसेल, कारण तुमच्या घरी तांदूळ येतो तो प्लास्टिकच्या पिशवीतून. पूर्वी तो गोणपाटाच्या पोत्यातून येई, आणि त्या पोत्याचं तोंड माझ्यासारख्या जाड सुईत सुतळी ओवून शिवलेलं असे. वीतभर लांबी, एका टोकाला रुंद नेढं आणि दुसऱ्या टोकाला जरा वाकडं, चपटं पातं, एवढाच माझा देह. सध्या मी कोपरखैरण्याला बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात, विणकामाच्या सुयांच्या शेजारी राहतो.

एक आधीच सांगून ठेवतो. जुन्या वस्तूंच्या कहाण्या तुम्ही वाचल्या असतील. त्यातल्या छत्र्या, खुर्च्या आणि कंदील शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळे होतात. मी त्यांच्यातला नाही. मी एका बाईवर डूख धरला होता, आणि तो कसा धरला आणि कसा उगवला तेच मला सांगायचं आहे. ज्यांना गोड शेवट हवा असेल त्यांनी पुस्तक मिटावं.

माझा जन्म कुठल्या लोहाराच्या भट्टीत झाला ते मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी वाशीच्या धान्य बाजाराजवळ लोखंडी सामानाच्या एका दुकानात, तेलकट कागदात गुंडाळलेला पडलो होतो. तिथून मला कृष्णात पानस्कर नावाच्या माथाडी कामगाराने उचललं. गडी पाटण तालुक्यातला, उंच आणि कमी बोलणारा. त्याने माझं टोक अंगठ्याच्या नखावर घासून पाहिलं, मान डोलावली आणि मला टोपीत खोचलं. त्या दिवसापासून बावीस वर्षं मी गहू, ज्वारी, तूर आणि तांदळाची तोंडं शिवली. "कृष्णाताचा दाभण पोत्याला गुदगुल्या करतो," असं हौसेराव मुकादम सगळ्यांना सांगायचा, आणि ते ऐकून माझं पातं आणखी चमकायचं.

कृष्णाताची शिवण्याची एक रीत होती. ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. त्याच्या गावी धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन, अशी मापं पडत. शेवटचं माप पडलं की वर एक मूठ घालायची आणि ती मोजायची नाही. मोजली तर तो व्यवहार होतो, न मोजता घातली तर ते देणं होतं, असं त्याचा बाप सांगे. कृष्णाताने हीच रीत बाजारात आणली. पोत्याच्या तोंडाला तो लाभापासून अकरा टाके मोजून घाली, आणि बारावा गुपचूप, तोंडाने न म्हणता. त्याने शिवलेलं पोतं कधी वाटेत उसवलं नाही.

मग हातात धरायचं शिलाईयंत्र आलं. घर्र करून ते अर्ध्या मिनिटात पोतं शिवून मोकळं व्हायचं. कृष्णाताची कंबरही तोवर बोलायला लागली होती. तो निवृत्त झाला आणि मी घरातल्या फळीवर, खिळे आणि जळलेल्या बल्बांच्या संगतीला गेलो. तीन वर्षं मला कुणी हात लावला नाही. रिकामा बसलेला लोखंडाचा जीव लवकर गंजतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

मला तिथून बाहेर काढलं ते रंगूबाईने, कृष्णाताच्या बायकोने. तीही याच बाजारात वीस वर्षं धान्य निवडत होती. काम सुटल्यावर रिकामे हात तिला खायला उठायचे, म्हणून शेजारच्या बालवाडीतल्या बाईंकडून ती लोकरीचं विणकाम शिकली. नवी मुंबईत लोकर कुणाला लागते, असं तुम्ही विचाराल. बाळंतविड्याला लागते. तान्ह्या बाळाला मे महिन्यातही कुंची घालणाऱ्या आज्या आपल्याकडे ठायी ठायी आहेत. शिवाय हापिसात दिवसभर एसीखाली कुडकुडणाऱ्या पोरी शाली मागतात.

साधे सुलट आणि उलट टाके तिला दोन महिन्यांत यायला लागले. मग तिला वेणी विणायची हौस आली. वेणीत काही टाके आपली जागा सोडून शेजारच्या टाक्यांवरून उडी मारतात. उडी मारेपर्यंत ते तिसऱ्या एका आखूड सुईवर धरून ठेवावे लागतात. ती सुई रंगूबाईकडे नव्हती. तिने केसांची पिन घेतली, टाके सुटले. शेजारच्या पोराचं पेन्सिलचं टोपण घेतलं, टाके आतच अडकले. शेवटी वैतागून फळीवर हात फिरवताना मी तिच्या हाताला लागलो. माझं वाकडं पातं टाके धरून ठेवतं आणि नेढ्याकडून ते सटकत नाहीत, हे तिच्या क्षणात ध्यानात आलं. मित्रांनो, त्या दिवशी मी दुसऱ्यांदा जन्मलो.

पुस्तकातल्या वेण्या तिने करून पाहिल्या आणि तिला त्या आवडल्या नाहीत. "समद्या एकासारक्या एक. कुणाच्या बी डोक्याला शोभत्याल," असं ती कृष्णाताला म्हणाली. तिला स्वतःची वेणी हवी होती. पण स्वतःची म्हणजे कशी, ते तिला सांगता येईना. चार दिवस ती नुसती सुया हातात धरून बसली. पाचव्या दिवशी गावाहून तांदळाचं पोतं आलं. ते सोडताना पोत्याच्या दोन्ही कोपऱ्यांना बांधलेले कान तिच्या मुठीत आले आणि ती तशीच थांबली. बाजारात पोतं उचलतात ते त्या कानांना धरून. तिने ते कान कितीदा पाहिले असतील, पण बघितले त्या दिवशी.

तिने चौकटीची वही घेतली. सुलट टाक्याला रिकामा चौकोन, उलट टाक्याला टिंब आणि टाके जिथे उडी मारतात तिथे तिरकी रेघ. तीन तीन टाक्यांच्या दोन पट्ट्या एकमेकींवरून जायच्या, मग मधल्या साध्या जमिनीवरून एकेक टाका बाहेर सरकायच्या, कानासारख्या फुगायच्या आणि परत आत यायच्या. कागदावर ते फार सुबक दिसलं. सुईवर मात्र भलतंच झालं. पहिल्या तुकड्यात तिने चार चार ओळींवर पट्ट्यांचा एकमेकींवरून वेढा घातला तर तो पुठ्ठ्यासारखा ताठ झाला. दुसऱ्यात वेढे लांब ठेवले तर कान ओघळले. तिसरा तुकडा चांगला उतरला, पण चार बोटं अरुंद भरला, कारण वेणी कापड आत ओढून घेते हे तिला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. तिने कडेला टाके वाढवले. पट्ट्यांच्या मधली जमीन आधी सुलट होती, ती उलट केली, तेव्हा कुठे वेणी वर उठून दिसली.

प्रत्येक तुकडा ती उसवायची आणि लोकर डब्यावर गुंडाळून पुन्हा सरळ करायची. मला कामाच्या पुढे धरलं की वेणी डावीकडे वळे, मागे धरलं की उजवीकडे. किती वेळा पुढे आणि किती वेळा मागे, याची गणती मी सोडून दिली. कृष्णात खुर्चीत बसून बघायचा.

"रंगे, स्वेटर इनतीयास का पोतं शिवतीयास?"

"पोतंच शिवतीया. तुमी उचलनार का?"

आठव्या तुकड्यात ते जमलं. दोन पट्ट्या एकमेकींना भेटल्या, बाहेर गेल्या, दोन टुमदार कान झाले आणि पट्ट्या परत घरी आल्या. तिने त्या विणीला कानवेणी असं नाव दिलं. आणि वहीत तिने ओळी लिहिल्या त्या अकरा. बारावी ओळ उलट बाजूची, जसे टाके दिसतील तशी साधी विणायची. तिने ती मोजली नाही आणि लिहिलीही नाही. वरच्या मुठीची मोजणी करायची नसते, हे तिच्या हाताला नवऱ्याइतकंच पाठ होतं. ती ओळ कुणाला सांगावी लागेल असं तिच्या मनातही आलं नाही.

कानवेणीची पहिली कुंची गेली ती उलव्याला, सुमित्राबाईच्या नातीला. सुमित्राबाई ही खाडीकाठच्या गावातली. बाजारात ती आणि रंगूबाई शेजारी बसून धान्य निवडायच्या. आता तिच्या घरच्यांच्या दोन इमारती आहेत, पण मैत्रीत फरक पडलेला नाही. बारशाला तिची सून नमिता हिच्या विणकामवर्गाच्या बाई आल्या होत्या. त्यांचं नाव सुनयना. खारघरला चौदाव्या मजल्यावर त्यांचा वर्ग चाले. बाई बोलायला साखर. कुंची उलटीसुलटी करून पाहत त्या रंगूबाईला म्हणाल्या, "मावशी, काय हात आहे तुमचा! या ना माझ्याकडे एकदा."

रंगूबाई हरखून गेली. वही आणि नुकतीच विणून झालेली शाल घेऊन ती खारघरला पोचली. मी त्या शालीतच खोचलेला होतो. सुनयनाबाईंनी चहा दिला, कौतुक केलं आणि दोन दिवसांसाठी वही आणि शाल मागून घेतली. "फोटो काढते आणि परत पाठवते, टेन्शन नका घेऊ." रंगूबाईने आनंदाने दिली. तिने नको म्हणावं म्हणून मी काय करू शकत होतो? पडून राहिलो.

ती दाराबाहेर पडताच बाईंनी मला शालीतून ओढून काढलं. "शी, हा काय खिळा!" एवढंच त्या म्हणाल्या. टेबलावर मनीप्लांटची कुंडी होती. त्याची वेल वाकत होती, म्हणून मला ओल्या मातीत खोचून वेल माझ्या नेढ्याला बांधली. बावीस वर्षं बाजार शिवलेला, कानवेणी घडवलेला दाभण मी, आणि मी झालो वेलीची काठी! दररोज सकाळी माझ्या अंगावर पाणी पडायचं. दोन दिवसांचे अडीच महिने झाले. रंगूबाईचा फोन आला की "पाठवतेच हं, मावशी," एवढं म्हणून बाई ठेवून द्यायच्या. मातीतला माझा अर्धा देह तांबडा पडला. त्या मातीत उभं राहूनच मी डूख धरला. गंज चढायला वेळ लागतो, डूख धरायला लागत नाही.

पण कुंडी टेबलावर होती, म्हणून मला सगळं दिसत होतं. बाईंनी वहीतला नमुना संगणकावर सुंदर चौकोनांत उतरवला, अकराच्या अकरा ओळी. खाली लिहिलं, 'परत पहिल्या ओळीपासून'. वर लिहिलं, 'सुनयना वीण'. त्याची पुस्तिका छापून आली, दोनशे प्रती. मुखपृष्ठावर बाईंचा फोटो आणि खांद्यावर रंगूबाईची शाल. लवकरच खारघरला महिला बचत गटांचा मोठा मेळावा होता. तिथे ही पुस्तिका निघणार होती आणि वर्गातल्या पंधराजणी त्याच विणीच्या शाली पांघरून व्यासपीठावर उभ्या राहणार होत्या. एकदा चारचौघांत ते नाव पुकारलं गेलं असतं, की कानवेणी रंगूबाईची होती हे सांगून कुणाला पटलं असतं? आयत्या बिळावर नागोबा बसायला आठ दिवस उरले होते.

एवढं सगळं करताना बाईंनी ती वीण एकदाही स्वतःच्या हाताने विणून पाहिली नाही. पाहिली असती तर तेव्हाच कळलं असतं. वर्गातल्या बायका रडकुंडीला येऊन शाली घेऊन आल्या. प्रत्येक शालीत पहिला कान पुढे, दुसरा मागे, तिसरा पुढे, चौथा मागे. ती न लिहिलेली ओळ गळली की सगळं काम उलट्या बाजूवर पडतं आणि कान पाठीमागे उगवतो. बाईंनी पुस्तिका पुन्हा पुन्हा वाचली. "तुमचे हातच सैल आहेत गं," असं त्या म्हणाल्या, पण आवाजात दम नव्हता. मी मातीत उभा राहून हसत होतो.

शेवटी बाईंनी रंगूबाईला फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी रंगूबाई आली, बरोबर सुमित्राबाई. नमिताने तिची बिघडलेली शाल उलव्याला नेली होती, आणि "ही तं आमचे नातीचे कुंचीची येनी हाय!" असं म्हणत सुमित्राबाईने मैत्रिणीला गाठलं होतं. पण पुस्तिकेचं दोघींनाही ठाऊक नव्हतं. ती गठ्ठ्याने टेबलावर होती, माझ्या शेजारीच. रंगूबाईने एक प्रत उचलली आणि अक्षरं जुळवत वाचली.

"सुनयना वीण," ती म्हणाली. "मॅडम, ही तुमची हाय व्हय?"

"अहो मावशी, वेणी काय कुणाच्या मालकीची असते? जगभर बायका विणतात."

"खरं हाय. वेनी समद्यांचीच हाय. मग वर तुमचंच नाव कशापायी?"

"ते छापायला काहीतरी द्यावं लागतं ना! तुमचा उल्लेख करूच पुढच्या वेळी. आधी हे कान मागे का जातात ते सांगा ना प्लीज."

रंगूबाईने पुस्तिका परत गठ्ठ्यावर ठेवली. तिची नजर फिरत फिरत कुंडीवर आली आणि तिने मला ओळखलं. वेल सोडवली, मला मातीतून उपसलं आणि पदराने पुसलं. पदराला तांबडा डाग पडला. तो डाग बघून तिचा चेहरा जसा झाला तसा मी कधी पाहिला नव्हता. सुमित्राबाई कडाडली, "कनाला गप बसलीस गो? बोल ना! चोर हाय ही!"

"न्हाई," रंगूबाई हळू म्हणाली. "मॅडम, मी बायकांस्नी शिकविते. त्यांचा काय दोष? उद्यापासनं उलव्याला सुमित्राच्या ओट्यावर या म्हनावं. तुमी बी या."

"मला कुठे वेळ, मावशी! बॅनर आहे, हॉल आहे, पाहुणे आहेत. तुम्ही त्यांचं बघा, मला क्रेडिट नको त्यात." आणि बाई चक्क सुटकेचा श्वास टाकून हसल्या.

त्या संध्याकाळी रंगूबाई जेवली नाही. तिने पॉलिश पेपर घेतला आणि मला घासायला बसली. तासभर घासत होती. गंज निघाला, तरी ती थांबेना. आपला राग ती माझ्यावर काढते आहे हे मला कळत होतं, आणि मला ते आवडत होतं. कृष्णात शेजारी येऊन बसला.

"लई लागलंय न्हवं?"

"मी तिला सोडनार न्हाई."

"सोडू नगंस. पर माप धरून घे. सांडलं की आपलंच नुस्कान."

मला ते पटलं नाही. मी म्हटलं असतं, चांगला घसघशीत सूड घे. पण मला कोण विचारतं?

पुढचे सहा दिवस उलव्याच्या ओट्यावर पंधराजणी शिकल्या. चुकलेल्या ओळी उसवून त्यांनी न मोजायची ओळ आपापल्या शालीत विणली. सगळे कान पुढे आले. शेवटच्या दिवशी रंगूबाईने त्यांना एकच गोष्ट सांगितली. "मॅडमनी इचारलं तर ही ओळ सांगा. लपवू नगा. पर त्यांनी इचारलं न्हाई तर आपनहून सांगू नगा." बाईंनी विचारलं नाही. शाली सरळ झालेल्या पाहिल्या, "वा!" म्हणाल्या आणि फुलांची ऑर्डर द्यायला गेल्या. म्हणजे बघा, दार उघडं होतं. बाई आत आल्या नाहीत, हा त्यांचा दोष.

मेळाव्याला हॉल भरला होता. अध्यक्षस्थानी यशोदाबाई होत्या, बचत गटांच्या जुन्या कार्यकर्त्या, हयात बायकांत काढलेली बाई. पुस्तिकेवरची फीत सुटली, टाळ्या झाल्या. सुनयनाबाई ध्वनिक्षेपकावर सांगू लागल्या, की ही वीण त्यांना एका पहाटे कशी सुचली, आणि त्यामागे किती महिन्यांची साधना आहे. रंगूबाई तिसऱ्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसली होती. मी तिच्याकडे नव्हतो. मी नमिताच्या हातात होतो, पांढऱ्या लोकरीच्या एका लहान तुकड्यात खोचलेला. त्या तुकड्यावर पुस्तिकेबरहुकूम अकरा ओळी विणून तयार होत्या.

मागून सुमित्राबाईचा आवाज आला. "बाय, सांगतेस झ्याक! जरा इनून दाखव ना गो. हातचे कांकनाला आरसा कनाला?"

लोक हसले. यशोदाबाईंनाही कल्पना आवडली. "दाखवा की. एक कान करून दाखवा, म्हणजे आमच्या बायकांना कळेल." नमिताने पुढे होऊन तुकडा बाईंच्या हातात दिला. त्यांनी मला बघितलं आणि त्यांचा हात क्षणभर अडखळला. पण चारशे डोळे त्यांच्यावर होते. पुस्तिका समोर उघडी ठेवून त्यांनी 'परत पहिल्या ओळीपासून' सुरुवात केली.

पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसऱ्या ओळीत त्यांनी तीन टाके माझ्यावर चढवले, मला पुढे धरलं आणि वेढा घातला. तुकडा लोकांकडे फिरवून दाखवला. लोकांना दिसल्या नुसत्या गाठी. कान मागच्या बाजूला, बाईंच्या पोटाकडे तोंड करून बसला होता. बाईंनी तुकडा उलटा केला, तर पहिला कान पळाला. परत सुलटा केला, तर दुसरा पळाला. पुढच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. पंधराजणी आपल्या सरळ शाली पांघरून रांगेत उभ्या होत्या आणि एकही तोंड उघडत नव्हती. बाईंनी घाईघाईने टाके सोडवायला मला ओढलं.

तेव्हा मी टोचलो. निर्जीव वस्तू मुद्दाम काही करत नाही, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. शिकवू देत. मी तर्जनीत चांगला गव्हाच्या दाण्याएवढा रुतलो आणि पांढऱ्या लोकरीवर लाल थेंब उमटला. अडीच महिन्यांच्या मातीचं उट्टं मी त्या एका थेंबात काढलं, आणि मला आजही त्याची लाज वाटत नाही.

रंगूबाई उठून व्यासपीठावर गेली. तिने बाईंच्या हातातून सुया घेतल्या, तीन ओळी उसवल्या, तोंडाने काहीही न मोजता एक साधी ओळ विणली आणि पुढचा वेढा घातला. कान पुढे आला, टपोरा. यशोदाबाईंनी तो बोटाने दाबून पाहिला. मग त्यांनी पंधराजणींकडे पाहून विचारलं, "ही वीण कुणाची गं?" पंधरा हातांनी रंगूबाईकडे बोट दाखवलं.

"मावशी, चुकलं माझं," सुनयनाबाई पुटपुटल्या. डोळ्यांत पाणी होतं. खरं असावं. "घरी बोलू या ना आपण. इथे नको."

"घरी कशापायी? नाव हितं पुकारलं, तर हितंच खोडायचं," रंगूबाई म्हणाली. तिने रुमालाची चिंधी काढली, बाईंच्या बोटाला घट्ट बांधली आणि त्यांच्यापुढे पुस्तिकांचा गठ्ठा ठेवला. "दोनशे हायती. लिवा. तुमचं नाव खोडा आन् माजं घाला. आमी बसतो हितं."

व्यासपीठाच्या कडेच्या टेबलाशी सुनयनाबाई बसल्या. मला रंगूबाईने त्यांच्या पुढ्यात ठेवलं होतं, पातं त्यांच्याकडे करून. मेळावा पुढे चालू राहिला, गाणी झाली, पापडांची बक्षिसं झाली, आणि येणारी जाणारी प्रत्येक बाई टेबलाशी थांबून बघून जात होती. बाईंनी पहिल्या पुस्तिकेवरचं स्वतःचं नाव खोडलं. वर 'रंगूबाई' लिहिलं आणि पेन थांबलं.

मग मान वर न करता म्हणाल्या, "मावशी... तुमचं पूर्ण नाव काय?"

चहा पाजला होता, वही नेली होती, वीण नेली होती, अडीच महिने ती शाल अंगावर मिरवली होती. नाव मात्र विचारलं नव्हतं. रंगूबाईने ते सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, दोनदा. "रंगूबाई कृष्णात पानस्कर." बाईंनी लिहिलं. दुसऱ्या पुस्तिकेवर लिहिलं, तिसरीवर लिहिलं. साठाव्या पुस्तिकेला चिंधीतून रक्त पाझरलं आणि त्या म्हणाल्या, "हात दुखतोय हो."

"दुखू दे," रंगूबाई म्हणाली, आणि पुढची पुस्तिका त्यांच्यासमोर सरकवली.

तर मित्रांनो, माझी विनंती एवढीच. लोखंडाला ओल्या मातीत खोचू नका. काम झाल्यावर पुसून, तेलाचं बोट लावून ठेवा. आणि कुणाच्या हातून काही घ्याल तर घेण्याआधी त्या माणसाचं पूर्ण नाव विचारा, पाठ करा, आणि त्याची वस्तू जिथे जिथे न्याल तिथे ते आधी घ्या. विचारायला लाज वाटत असेल तर वस्तूला हात लावू नका. कारण क्षमा करायची की नाही हे माणसं ठरवतात. आम्हाला ती करताच येत नाही, आम्हाला फक्त टोक असतं.